मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं की आपण नेमकं काय करतो?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की नाशिकच्या प्रत्येक व्हॉट्सॲप गटावर दोन गोष्टी येतात. पहिली सरकारी: अमुक हजार क्युसेक सोडले, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. दुसरा आपला प्रश्न: "मारुतीच्या कुठपर्यंत आलंय?" पहिला मेसेज सगळे पुढे ढकलतात. हात-पाय हलतात ते दुसऱ्याचं उत्तर आल्यावर.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. रामकुंडाजवळ गोदावरीच्या पात्रात दुतोंड्या मारुतीची मोठी मूर्ती उभी आहे. पाणी पायाशी, गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याशी, अशी पिढ्यान् पिढ्या नाशिकची पूर मोजायची भाषा आहे. त्याच्याही आधीची जुनी खूण म्हणजे नारोशंकराची घंटा. ही पट्टी मला मनापासून आवडते. ती भाजीवालीला वाचता येते, शाळकरी पोराला येते, वीज गेली तरी ती जागेवर असते.

पण मी भूगोल शिकवते आणि दर पावसाळ्यात एक गोष्ट मला सलते. मारुती सांगतो ते आत्ताचं पाणी. धरणातून निघालेलं पाणी वाटेत असतं तेव्हा मारुती कोरडा असतो, आणि सामान हलवायला खरी सवड तेव्हाच असते. ती सवड आपण घाटावर उभं राहून, फोटो काढून घालवतो. शिवाय मारुती रामकुंडापुरता. शहरातल्या दहीपुलावर, नासर्डी नदीच्या काठी किंवा खाली सायखेडा गावात काय होणार हे त्याच्यावरून कळत नाही.

दुसरं असं की गंगापूर धरण १९६५ मध्ये पूर्ण झालं आणि त्यानंतर अवघ्या चार वर्षांत, १९६९ मध्ये, नाशिकने मोठा पूर पाहिला. मग १९ सप्टेंबर २००८, २ ऑगस्ट २०१६, ऑगस्ट २०१९. तरी "आता वर धरण आहे" हे वाक्य मी नदीलगत फ्लॅट घेणाऱ्यांच्या तोंडून नेहमी ऐकते. गिल्बर्ट व्हाइट नावाच्या अमेरिकी भूगोलतज्ज्ञाने १९४५ मध्येच हा धोका दाखवला होता. पुराला फक्त बांध आणि धरणांनी उत्तर दिलं की लोक निर्धास्त होतात, नदीला आणखी खेटून बांधतात, आणि मग त्या बांधाला न जुमानणारा पूर आला की नुकसान पूर्वीपेक्षा मोठं होतं. त्याच्यापुढे अमेरिकेतल्या नद्या होत्या. आपल्यापुढे गोदावरी आहे, आणि तिच्या काठाने गेल्या काही दशकांत काय काय उभं राहिलं ते सगळ्यांना दिसतंच आहे.

तर माझा प्रश्न साधा आहे. तुमच्या घरात, दुकानात, शेतात "आता हलायचं" हे कोण ठरवतं, कशावरून ठरवतं? जसं घडतं तसं लिहा.

भांडीबाजार

ताई, आमचं दुकान आजोबांपासून. खरं सांगायचं तर आम्ही मारुतीकडेही बघत नाही, शेजाऱ्याच्या शटरकडे बघतो. दोन दुकानं सोडून एक वयस्कर काका बसतात. त्यांनी पोरांना खालच्या फळ्या रिकाम्या करायला सांगितलं की अख्खी गल्ली कामाला लागते. त्यांनी ६९ चा पूर लहानपणी पाहिलाय, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन.

उचलायचा क्रम ठरलेला असतो. आधी वह्या, बिलबुकं, कॉम्प्युटर, वजनकाटा, इन्व्हर्टरची बॅटरी. मग मिक्सर आणि कुकर, कारण पुठ्ठ्याचा खोका भिजला की आतला माल चांगला असूनही गिऱ्हाईक हात लावत नाही. मग नॉनस्टिक. तांबं-पितळ सगळ्यात शेवटी. ते पाण्याने जात नाही, पण गाळ बसून वाळला की काळं पडतं आणि पुन्हा पॉलिशला द्यावं लागतं. मोठी पातेली आणि हंडे एकात एक घालून दोरीने खांबाला बांधतो, नाहीतर तरंगत निघून जातात.

लोक विचारतात, इतका त्रास आहे तर जागा का बदलत नाही? लग्नाचा बस्ता, भांडी आणि सोनं एकाच फेरीत होतं म्हणून गिऱ्हाईक इकडे येतं. कॉलेज रोडला गेलो तर पाणी येणार नाही, पण खेड्यावरून येणारं गिऱ्हाईकही येणार नाही. पुराचं नुकसान काही वर्षांतून एकदा, भाडं आणि धंदा रोजचा. हा हिशोब आम्ही डोळे उघडे ठेवून केलेला आहे. आम्हाला कळत नाही असं कोणी समजू नये.

गोदाकाठची

भाऊ, हे फार मोलाचं लिहिलंत. पूरक्षेत्रात राहणारे लोक अडाणी किंवा बेफिकीर असतात हा समज मला नेहमी खटकतो. तुम्ही जोखीम घेता ती मोबदला पाहून घेता. म्हणूनच "काठावरून हटा" एवढंच सांगणारी सूचना तुमच्या कामाची नाही. खालची फळी किती वाजेपर्यंत रिकामी व्हायला हवी, हे सांगणारी सूचना कामाची.

धरणपाणी

पाटबंधारे खात्यात नोकरी झाली, आता निवृत्त आहे. क्युसेकबद्दल थोडं लिहितो, कारण आकडे ऐकून लोक एकतर घाबरतात किंवा दुर्लक्ष करतात.

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर. १० हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला २ लाख ८३ हजार लिटर. दहा हजार लिटरचे अठ्ठावीस टँकर दर सेकंदाला रिकामे होताहेत असं समजा.

आता धरणाकडे येऊ. गंगापूरची क्षमता सुमारे ५,६३० दशलक्ष घनफूट. १० हजार क्युसेकने दिवसभर पाणी सोडलं तर ८६४ दशलक्ष घनफूट जातं, म्हणजे धरणाचा जेमतेम १५ टक्के भाग. उलट बाजूने बघा. वरून ३० हजार क्युसेकने आवक सुरू राहिली, तर पूर्ण रिकामं धरणसुद्धा ५२ तासांत काठोकाठ भरेल. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ते रिकामं नसतंच, कारण नाशिकचं पिण्याचं पाणी आणि शेतीचं आवर्तन त्याच्यावर आहे. ते भरलेलं असावं ही आपलीच अपेक्षा असते. धरण पुराचा माथा थोडा कापतं, थोडा वेळ मिळवून देतं. भरलेलं असेल तर आलेलं पाणी पुढे सोडण्यावाचून इलाज नसतो.

आणि कृपा करून दोन आकडे वेगळे वाचा. एक गंगापूरचा विसर्ग, दुसरा शहरातल्या होळकर पुलाखालून वाहणारं पाणी. धरणाच्या खाली शहरावर पडलेला पाऊस, नाले, गटारी हे सगळं दुसऱ्या आकड्यात येतं. गंगापूरचा आकडा कमी आहे म्हणून निश्चिंत बसलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्याच वेळी होळकर पुलाचा आकडा चढत होता. रामकुंड, भांडी बाजार, सराफ बाजारवाल्यांनी होळकर पुलाकडे लक्ष ठेवावं.

दहीपूल_रहिवासी

काकांशी सहमत, आणि आमच्याकडे तर अजून वेगळा प्रकार. पाणी नदीकडून चालत येताना दिसत नाही. ते गटारीच्या चेंबरमधून वर येतं. सरस्वती नाला या भागाच्या पोटातून जातो. नदी चढलेली असली की नाल्याचं पाणी नदीत शिरू शकत नाही, ते मागे फिरतं. घाटावरचा माणूस फोनवर सांगतो, "अजून पायऱ्यांवरच आहे," आणि आमच्या जिन्याखाली घोटाभर काळं पाणी. कधी नदीला पूर नसतानाही नुसत्या तासाभराच्या जोरदार पावसात हे होतं. नवीन भाडेकरूंना हे कोणी सांगत नाही. ते नदीकडे बघत बसतात.

आकडेमोड

निळ्या-लाल पूररेषेबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लोकांना वाटतं, शंभर वर्षांचा पूर एकदा येऊन गेला की आता नातवंडांपर्यंत काळजी नाही. तसं नाही. अर्थ एवढाच की प्रत्येक वर्षी तो यायची शक्यता १ टक्का. पुढच्या वर्षी पुन्हा १ टक्का. नदीकडे मागच्या वर्षीचा हिशोब नसतो.

आता घराचं कर्ज ३० वर्षांचं धरा. त्या काळात लाल रेषेच्या आतल्या घराला असा पूर किमान एकदा गाठण्याची शक्यता सुमारे २६ टक्के येते. निळ्या रेषेच्या कडेवर असाल तर सुमारे ७१ टक्के. हे गणित कोणताही दहावीचा मुलगा करून दाखवेल, पण फ्लॅट दाखवणारा माणूस करून दाखवत नाही. आणि रेषा काढताना धरलेला पाऊस आणि नदीपात्र बदललं, पात्रात भर पडली, काठ काँक्रीटचे झाले, तर तेवढ्याच पाण्याची उंची वाढते. रेषेच्या एक मीटर बाहेर आहे म्हणून घर सुरक्षित, असं मानायला काही आधार नाही.

मला स्वतःला सगळ्यात जास्त विचारात पाडलं ते अमेरिकी भूगोलतज्ज्ञ रॉबर्ट केट्स यांच्या कामाने. त्यांनी १९६२ मध्ये टेनेसीतल्या लाफॉलेट नावाच्या छोट्या गावातल्या लोकांच्या पुराबद्दलच्या समजुतींवर अभ्यास प्रसिद्ध केला. गाभा असा की माणसाची कल्पना त्याने पाहिलेल्या पुरापाशी थांबते. ज्याने कमरेपर्यंत पाहिलं तो कमरेपर्यंतची तयारी करतो. आपल्याकडेही २०१९ पाहिलेला माणूस २०१९ ची फळी धरून सामान वर ठेवतो.

भांडीबाजार

अगदी खरं. आमच्याकडे २००८ ची ओल भिंतीवर कुठपर्यंत आली होती त्याच्या वितभर वर माळा केलाय. त्याच्या वर पाणी येईल असा विचार कोणी केलेलाच नाही.

सायखेडा_शिवार

तुमच्या शहरातलं पाणी उतरलं की तुमच्या बातम्या संपतात, आमच्या सुरू होतात. नाशिकचं पाणी, दारणा नदीचं पाणी, सगळं खाली येतं आणि पुढे नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा. त्यामुळे सायखेडा, चांदोरी भागात पाणी चढतं तसं पटकन उतरत नाही. पुराबरोबर पाणवेली येतात, पुलाला अडकतात, त्यांचा थर साचला की पाणी गावाकडे वळतं. तुमच्या नाल्यांचं सांडपाणी त्या वेली पोसतं, हेही लिहून ठेवा.

आमचं पहिलं काम नदीवरच्या मोटारी काढणं. मोटार, स्टार्टर, केबल, जमेल तेवढा पाइप. रात्री निरोप आला तर बॅटरीच्या उजेडात चिखलात उतरून हे करावं लागतं, आणि माणसं तिथेच घसरतात. मग जनावरं. गाय उंचावर नेता येते, चारा नेता येत नाही. त्यामुळे लोक जनावरापाशीच थांबतात. "गावकरी स्थलांतराला नकार देत आहेत" अशी बातमी येते. जनावरांच्या चाऱ्याची सोय कुठे केली ते त्या बातमीत नसतं.

पण द्राक्षवाल्याला विचाराल तर पुरापेक्षा गारपिटीची धास्ती मोठी. पुराला निदान काही तास मिळतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये काय झालं ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. माल उतरायला आलेला, घडात साखर भरलेली, आणि काही मिनिटांत मणी फुटून जमिनीवर रस. वर्षाची छाटणी, औषधं, मजुरी, सगळं त्याच्यात. आता काही जण बागेवर प्लॅस्टिकचं आच्छादन टाकतात. त्याला मोठा खर्च येतो, सगळ्यांना झेपत नाही. गारपीट झाली त्या हंगामानंतर विमा काढायला गर्दी होते, दोन-तीन वर्षं कोरडी गेली की तेच लोक म्हणतात, हप्ता फुकट गेला.

नासर्डीकाठ

आमच्या वस्तीला मारुती नाही आणि धरणही नाही. नासर्डीवर कोणी गेट उघडत नाही, त्यामुळे कोणी सांगतही नाही. सातपूर, अंबडकडे आभाळ फुटलं की थोड्या वेळात पाणी दारात. आमच्याकडे पाऊस नसतो आणि पाणी येतं.

आमच्या बायका आवाजावरून ओळखतात. पाण्याखाली दगड गडगडायला लागले की पोरं उचलायची. पाण्याचा रंग एकदम लाल-मातकट झाला आणि काड्या-कचरा, चपला वाहत यायला लागल्या की अजून वाढणार. आधार, रेशनकार्ड, शाळेचे दाखले, औषधांच्या चिठ्ठ्या एका जाड पिशवीत घालून पिशवी जूनपासूनच खिळ्याला टांगलेली असते. गॅसचा सिलिंडर बंद करून बांधायचा.

लोक म्हणतात, सांगूनही हे लोक निघत नाहीत. निघून जायचं कुठे? शाळेत नेतात. एका खोलीत अनोळखी पुरुष-बायका, संडास एक, तोही तुंबलेला. वयात आलेल्या मुलीला घेऊन तिथे रात्र काढायची आईची छाती होत नाही. मागे घराला कुलूप, भिंत पत्र्याची. परत आलो तर भांडी आणि शिलाई मशीन असेलच असं नाही. घरातला एक पुरुष मागे थांबतो तो याच्यामुळे. शाळेत बायकांची वेगळी खोली, दिवा आणि वस्तीवर रात्रीचा पहारा, एवढं करा. मग बघा किती लवकर निघतो आम्ही.

गोदाकाठची

ताई, वर्गात मी "धोक्याची जाणीव" शिकवते तेव्हा तुमचं हे लिखाण वाचून दाखवेन, तुमची हरकत नसेल तर. तुम्हाला जाणीव नाही असं कोण म्हणेल? दगडांचा आवाज ओळखणाऱ्या बाईला रंगीत नकाशा नकोय, तिला संडास हवाय.

नासर्डीकाठ

हरकत नाही. वाचा.

गंगापूर_रोड

एक वेगळी बाजू मांडतो. इशारे फार होतात. यलो, ऑरेंज, रेड, कधी फोनच कर्कश वाजतो. रेड अलर्ट दिला, शाळांना सुट्टी दिली आणि दिवसभर ऊन पडलं असं झालं की पुढच्या वेळी कोण ऐकेल? लोक दुर्लक्ष करतात त्यात लोकांचाच दोष नाही.

धरणपाणी

प्रश्न रास्त आहे. पण रेड अलर्ट जिल्ह्यासाठी असतो. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याला झोडपून काढणारा पाऊस नाशिक शहरात नुसता भुरभुरतो हे आपल्याकडे नेहमीचं. शहरात ऊन आणि त्र्यंबकच्या डोंगरात धो-धो, हेच तर पुराचं कारण. ऊन पाहून इशारा खोटा ठरवू नका. खात्याने मात्र दुसऱ्या दिवशी सांगायला हवं की पाऊस कुठे पडला, विसर्ग का वाढवला नाही. आमच्या काळात हे सांगायची पद्धत नव्हती. लोकांना कारण कळलं की विश्वास टिकतो.

पंचवटी_पुरोहित

गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पूर आला की नाशिकचा माणूस बघायला येतो, बायाबापड्या ओटी भरतात. यावर दरवर्षी टीका होते. मला ती अर्धीच पटते. नदी आपली वाटते म्हणून लोक येतात, आणि जिला लोक आपली मानतात तिच्या पात्रात काय बांधलं जातंय याकडेही त्यांचंच लक्ष जातं. ओटी भरायला काठावर उतरायची गरज नाही, वरच्या पायरीवरून नमस्कार पोचतो. आमच्या घाटावरच्या लोकांची पेट्या, छत्र्या, पाट वर न्यायची सवय इतकी अंगवळणी पडलेली आहे की धरणाचा निरोप यायच्या आधी पहिली फेरी झालेली असते. फसतो तो बाहेरगावचा यात्रेकरू. तो घाटावर गाडी लावून त्र्यंबकला दुसऱ्या वाहनाने जातो आणि परत येईपर्यंत गाडी पाण्यात. त्याला मारुतीची भाषा येत नाही. पुढे कुंभमेळा आहे. लाखो माणसं अशीच येणार, ज्यांना इथली कोणतीच खूण माहीत नाही.

गोदाकाठची

गुरुजी, गाड्यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. वाहतं पाणी फूटभर असलं तरी लहान गाडी उचलली जाऊ शकते, आणि घोट्याच्या वर जोरात वाहणारं पाणी धडधाकट माणसाचा पाय उचलतं. "गुडघाभरच तर आहे" म्हणून पूल ओलांडणाऱ्यांना पाण्याची उंची दिसते, वेग दिसत नाही.

आता माझी सूचना. मारुती राहू दे, त्याच्या जोडीला गल्लीगल्लीची स्वतःची खूण हवी. होळकर पुलाखालून अमुक इतकं पाणी असताना भांडी बाजारात कुठल्या दुकानाच्या कितव्या पायरीला लागलं होतं, दहीपुलाचं चेंबर कधी उलटलं, सायखेड्याच्या पुलाखाली किती फूट जागा उरली होती, हे लोकांना पाठ आहे, पण कागदावर नाही. ते एका जागी आलं तर क्युसेकचा आकडा वाचून प्रत्येकाला आपली पायरी डोळ्यापुढे येईल. २०१६ आणि २०१९ चे मोबाइलमधले फोटो अजून लोकांकडे आहेत. फोटोवर वेळ असते. त्या वेळेचा होळकर पुलाचा आकडा त्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत आणि सरकारी नोंदींत सापडेल.

आकडेमोड

तक्ता मी करतो. पण त्यात शेवटची ओळ रिकामी ठेवा, आजवर कधीच न पोचलेल्या पातळीसाठी. नाहीतर पुन्हा २०१९ लाच शेवट मानलं जाईल.

धरणपाणी

जुने आकडे शोधायला मी मदत करीन. गंगापूरपासून होळकर पुलापर्यंत पाणी पोचायला लागणारा वेळ मात्र एकच धरू नका. कमी विसर्गाला जास्त वेळ लागतो, नदी आधीच भरून वाहत असेल तर कमी. तक्त्यात दोन्ही लिहा.

भांडीबाजार

माझ्याकडे २०१६ चे फोटो आहेत, दुपारचे, पाणी चढत असतानाचे. पायऱ्या स्पष्ट दिसतात. काकांना विचारून ६९ ची खूणही भिंतीवर करून घेतो, ते दाखवतील.

सायखेडा_शिवार

पुलाचे फोटो देतो. पाणवेली अडकलेले पण देतो. तक्त्यात एक रकाना मोटारींचा ठेवा: कोणत्या आकड्याला मोटार काढायला उतरायचं आणि कोणत्या आकड्यानंतर उतरायचं नाही.

गोदाकाठची

हा रकाना सगळ्यात आधी घालू. नासर्डीकाठच्या ताई, तुमच्याकडे धरणाचा आकडा नसल्याने वेगळा तक्ता लागेल: सातपूरला पाऊस सुरू झाल्यापासून वस्तीत पाणी यायला किती वेळ. सातपूर-अंबडला कामाला जाणारं कोणी आहे का वस्तीत, जे तिथून फोन करू शकेल?

नासर्डीकाठ

निम्मी वस्ती तिकडेच कामाला आहे. माझी नणंद कंपनीत आहे, दुसऱ्या पाळीला. तिला सांगते. रात्रपाळीचं कोणी बघावं लागेल.